गाणं टाकायच्या आधी: नागपुरात बसून स्वतःचं गाणं काढताना कोणतं काम कधी करायचं

"दादा, गाणं झालं. परवा टाकून राहिलो. फक्त आवाज थोडा मोठा करून द्या."

असा फोन मला महिन्यातून तीन-चारदा येतो. पोरगं गुणी असतं, गाणंही बरं असतं. मी विचारतो, शब्द कोणाचे? "मित्राचे." कागद केला? "मित्रच आहे ना दादा." बीट, म्हणजे ज्यावर गायलं ती तयार वाद्यसाथ? "यूट्यूबवर फ्री होता." व्हिडिओ? "तो तर झाला, फुटाळा तलावावर ड्रोन लावून." म्हणजे सगळ्यात महाग काम आधी उरकलं आणि ज्याला दमडी लागत नाही ते राहून गेलं. पुढे गाणं चाललं की भांडण, आणि नाही चाललं तर ड्रोनवाल्याची उधारी.

चुका बहुतेक क्रमाच्या असतात, म्हणून खालचा क्रम मोडू नका. "थांबा" लिहिलं असेल तिथे खरंच थांबा.

## १. गाण्याचे तुकडे पाडा

कायद्याच्या नजरेत एका गाण्यात तीन मालमत्ता असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीच्या व्याख्येतून शब्द वगळलेलेच आहेत, त्यामुळे कवी आणि संगीतकार हे दोन स्वतंत्र मालक. रेकॉर्डिंगचा मालक म्हणजे निर्माता, ज्याने ते करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. स्टुडिओवाल्याचा माइक होता म्हणून तो मालक होत नाही. गायक-वादकांचा सादरीकरणाचा हक्क याहून वेगळा.

वहीच्या एका पानावर चार रकाने आखा: शब्द, चाल, रेकॉर्डिंगचा खर्च, गायक-वादक. प्रत्येक रकान्यात पॅन कार्डावर आहे तसं पूर्ण नाव. "पप्पू", "एमसी अमुक" वगैरे नंतर.

आपल्याकडे खरी भानगड होते ती संयोजकाशी, म्हणजे कीबोर्डवर बसून सगळं प्रोग्रामिंग करणाऱ्याशी. चाल तुम्ही गुणगुणून दिली, पण ज्या आठ सुरांवर लोक नाचतात ते त्याने सुचवले. मग त्याला नुसती मजुरी द्यायची की चालीत वाटा? दोन्ही चालतं. ठरवायचं मात्र पहिल्या दिवशी, चहा पिताना.

## २. शब्द आणि बीट मोकळे आहेत का ते बघा

विदर्भात सर्वांत जास्त चुका इथेच होतात. "राष्ट्रसंतांचं भजन आहे, सगळ्यांचंच आहे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता उत्तर पाठ झालं आहे. आपल्याकडे कवीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं टिकतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज गेले १९६८ साली. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले शब्द २०२८ संपेपर्यंत हक्काखाली आहेत. वामनदादा कर्डक गेले २००४ मध्ये, तेव्हा त्यांचं भीमगीत २०६४ संपेपर्यंत परवानगीशिवाय घेता येत नाही. सुरेश भट २००३ मध्ये गेले, त्यांची गझल २०६३ पर्यंत बंद. रेशीमबागेतल्या सभागृहाला त्यांचं नाव आहे म्हणून त्यांची गझल गावाची होत नाही.

तुकाराम, चोखामेळा, जनाबाई यांचे शब्द मोकळे आहेत. पण शब्द मोकळे म्हणून लोकप्रिय चाल मोकळी होत नाही. अभंग घ्या आणि चाल आपली लावा.

आता बीट. "फ्री" लिहिलेल्या बीटखालची बारीक अक्षरं वाचा. बहुतेकदा ते फक्त सरावासाठी किंवा बिनकमाईच्या वापरासाठी फुकट असतं. विकत घेतलेलं बीटही बरेचदा भाड्याने असतं: इतक्या स्ट्रीमपर्यंत चालेल, इतक्या वर्षांपर्यंत चालेल, आणि तेच बीट आणखी पन्नास जणांना दिलेलं असतं. पावती आणि परवान्याचा मजकूर डाउनलोड करून ठेवा, विक्रेत्याचं पान उद्या गायब होऊ शकतं.

थांबा: कॅराओके ट्रॅकवर गायलेलं गाणं "आपलं" म्हणून टाकू नका. तो ट्रॅक कोणाचं तरी रेकॉर्डिंग आहे. ऑर्केस्ट्रात चालून जातं, डिजिटल बाजारात मशीन ते ओळखतं.

## ३. कागद करा, आणि रेकॉर्डिंगच्या आधी करा

इथे जरा सावकाश वाचा.

२०१८ मध्ये मी एका लोकगीताच्या चॅनेलला चाल दिली. रेकॉर्डिंगचा खर्च त्यांचा. मला आठ हजार रुपये मिळाले आणि पावतीवर एक ओळ होती: "गाण्याच्या सर्व हक्कांसह रक्कम पोचली." मी सही केली. गाणं लग्नाच्या वरातीत वाजायला लागलं, मी वरातीच्या बाजूने स्कूटरवरून गेलो, आणि त्यातला एक पैसा आपला नाही असं पाच वर्षं समजत राहिलो. नंतर एका वकील मित्राने ती पावती वाचली आणि हसला. मुदत लिहिलेली नव्हती. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. चाल माझ्याकडे परत आली होती. ते रेकॉर्डिंग त्यांचंच राहिलं, पण तीच चाल नव्याने रेकॉर्ड करायला मी मोकळा होतो.

म्हणून कागदात काय असायला हवं ते नीट बघा. गाण्याचं नाव आणि पहिली ओळ. कोणता हक्क देतो आहे: शब्दांचा, चालीचा, रेकॉर्डिंगचा, की फक्त वापरण्याची परवानगी. किती वर्षं. कुठे: भारत की जग. किती पैसे आणि रॉयल्टीत किती टक्के. दोघांच्या सह्या आणि तारीख. हक्क देण्याचा व्यवहार लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचा असल्याशिवाय कायद्यात उभा राहत नाही. व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे सही नव्हे.

२०१२ च्या दुरुस्तीने कवी-संगीतकारांना एक मोठी ढाल दिली आणि आपल्याकडे फार थोड्यांना ती माहीत आहे. ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्द-चालीच्या रॉयल्टीतला समान वाटा कवीला आणि संगीतकाराला सोडून देताच येत नाही. तो वाटा वारसांना किंवा रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीलाच सोपवता येतो. "मी आजन्म रॉयल्टी मागणार नाही" असं कोणी लिहून घेतलं असेल तर त्या ओळीत दम नाही. तरी ती ओळ आहे म्हणून घाबरून गप्प बसलेले लोक मी सीताबर्डीपासून वडसा-देसाईगंजच्या झाडीपट्टी नाटक मंडळींपर्यंत पाहिले आहेत.

दोस्तांमधला हिस्स्याचा कागद अर्ध्या पानात होतो. उदाहरण असं:

"हे गाणं (नाव, पहिली ओळ) आम्ही तिघांनी मिळून केलं. शब्द: अ, १०० टक्के. चाल: ब ७० टक्के, क ३० टक्के. रेकॉर्डिंगचा खर्च अ ने केला, रेकॉर्डिंगची मालकी अ ची. गायक ब, त्याला रेकॉर्डिंगच्या निव्वळ उत्पन्नाचे २० टक्के, दर सहा महिन्यांनी हिशेबासह. गाणं दुसऱ्या कोणाला द्यायचं असेल तर तिघांची लेखी संमती."

तीन प्रती, तीन सह्या, प्रत्येकाने फोटो काढून स्वतःला मेल करायचा. संपलं.

तपासा: "निव्वळ उत्पन्न" म्हणजे काय हे लिहिलं का? आधी कोणता खर्च वजा होणार: फक्त मिक्सिंग, की ड्रोनसुद्धा? सगळं भांडण याच शब्दावर होतं.

थांबा: संयोजक, बासरीवाला, कोरसच्या पोरी, सगळ्यांकडून पैसे देतानाच एका ओळीची लेखी संमती घ्या. गाणं चालल्यावर तीच सही महाग होते, आणि त्यात त्यांची चूक नाही.

## ४. रेकॉर्डिंग

इथे थोडक्यात, कारण यावर शिकवणारे खूप आहेत. नागपूरपुरतं एक सांगतो: मे महिन्यात दुपारी घरी आवाज रेकॉर्ड करू नका. कूलर बंद केला की गायक दहा मिनिटांत घामाघूम होतो, सूर खाली सरकतो. चालू ठेवला की पाण्याचा पंप आणि पंख्याची घरघर प्रत्येक टेकमध्ये बसते. मग पोरं नॉइज काढायचं सॉफ्टवेअर लावतात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. रात्री अकरानंतर खोली आधी थंड करून घ्या, कूलर बंद करा, वीस-वीस मिनिटांचे तुकडे करा.

स्टुडिओतून निघताना पेन ड्राइव्हवर काय पाहिजे ते लक्षात ठेवा. २४ बिटची वेव्ह फाइल, एमपी३ नाही. गायकाचा आवाज नसलेला ट्रॅक, जो स्टेजवर लागणारच. सगळे ट्रॅक वेगवेगळे. पैसे चुकते करण्याच्या आधी हे मागा. सहा महिन्यांनी हार्ड डिस्क उडालेली असते.

"आवाज मोठा करा" याबद्दल: स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं माप) पातळीला आणून वाजवतं. तुम्ही चेपून चेपून मोठं केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि उरतो तो नुसता चेपलेपणा. डीजेवाल्यासाठी दणदणीत आवृत्ती पाहिजे असेल तर वेगळी काढा, ती ऑनलाइन टाकू नका.

## ५. नावं आणि माहिती भरा

कंटाळवाणं काम, पण पैसा याच वाटेने येतो.

कलाकाराचं नाव आधी स्पॉटिफाय आणि यूट्यूबवर शोधा. त्याच नावाचा पंजाबातला कोणी असेल तर तुमचं गाणं त्याच्या पानावर जाऊन बसेल. रोमन स्पेलिंग एकदाच ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा. एका गाण्यात शेवटचा "ए" दोनदा आणि दुसऱ्यात एकदा लिहिला तर मशीनसाठी ते दोन वेगळे गायक.

भाषा "मराठी" निवडा. जास्त लोक येतील म्हणून "हिंदी" टाकणाऱ्यांची गाणी ना हिंदीवाले ऐकत, ना मराठी यादीत दिसत. गीतकार-संगीतकाराच्या जागी पूर्ण खरं नाव लिहा. कव्हर चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. त्यावर फोन नंबर, इन्स्टाग्रामचं चिन्ह, "सौजन्य अमुक भाऊ" काही नको, गाणं परत येईल. भाऊंचा फोटो पोस्टरवर लावा.

प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. बहुतेक वितरक, म्हणजे गाणं स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोचवणाऱ्या कंपन्या, तो स्वतःच देतात. तो वहीत लिहून घ्या. उद्या वितरक बदलला तर तोच क्रमांक पुन्हा द्यायचा. नवा घेतला तर जुने स्ट्रीम मोजणीतून जाण्याची भीती असते.

## ६. वितरक निवडा

तुम्ही थेट स्पॉटिफाय किंवा जिओसावनला गाणं देऊ शकत नाही, मध्ये वितरक लागतो. पद्धती ढोबळ तीन. डिस्ट्रोकिडसारखी वार्षिक वर्गणी, ज्यात कमाई तुमची, पण वर्गणी थांबली की गाणी उतरू शकतात. सीडी बेबीसारखी एकदाच फी आणि कमाईतले ९ टक्के. राउटनोटच्या मोफत पर्यायासारखं बिनपैशाचं, पण कमाईतले १५ टक्के. एक-दोन गाणी काढून थांबणाऱ्याने वार्षिक वर्गणीत अडकू नये. दर महिन्याला गाणं काढणाऱ्याला वर्गणीच परवडते.

विचारायचे प्रश्न असे: भारतातल्या बँकेत पैसे कसे येतात आणि किमान किती जमले की काढता येतात? कॉलर ट्यून करता का? मराठीत कॉलर ट्यून अजून चालते, गणपतीत तर चांगलीच. यूट्यूब कंटेंट आयडीचे, म्हणजे दुसऱ्यांच्या व्हिडिओत तुमचं गाणं ओळखून दावा लावणाऱ्या यंत्रणेचे, वेगळे पैसे आहेत का?

थांबा: बीट भाड्याचं असेल किंवा तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे तयार तुकडे) वापरले असतील तर कंटेंट आयडी लावू नका. तेच बीट वापरणाऱ्या दुसऱ्याच्या गाण्यावर तुमचा दावा जाईल आणि वितरक तुमचं खातं बंद करेल.

कंटेंट आयडी लावला असेल तर पहिल्याच आठवड्यात एक धक्का बसतो: तुमच्याच चॅनेलवरच्या व्हिडिओवर हक्काचा दावा येतो. पोरं घाबरून "विवाद" दाबतात. दाबू नका. तो दावा तुमच्याच वतीने वितरकाने लावलेला असतो. वितरकाच्या खात्यात जाऊन आपलं चॅनेल सूट-यादीत टाका.

## ७. नोंदण्या: वेगळे पैसे, वेगळ्या खिडक्या

वितरकाकडून येणारे पैसे रेकॉर्डिंगचे. शब्द आणि चालीचे पैसे वेगळ्या वाटेने, आयपीआरएस या सोसायटीमार्फत येतात. तिथे गीतकार आणि संगीतकार दोघांनी स्वतंत्र सभासद व्हायचं, मग गाणं हिस्स्यांसह नोंदवायचं. गायकांसाठी इसाम्रा ही वेगळी संस्था आहे. अर्ज ऑनलाइन होतात, मुंबईला चकरा माराव्या लागत नाहीत.

नेहमीची चूक: गीतकाराने १०० टक्के स्वतःच्या नावावर टाकलं, संगीतकारानेही तेच केलं. बेरीज दोनशे. पैसे अडकले. तिसऱ्या पायरीवरचा कागद समोर ठेवून दोघांनी एकाच दिवशी भरा.

कॉपीराइट कार्यालयातली नोंदणी सक्तीची नाही, हक्क कृती तयार होताच निर्माण होतो. पण वादात नोंदणी कामाला येते. शब्द किंवा चालीसाठी शुल्क ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. माझं मत विचाराल तर प्रत्येक गाण्याची नोंदणी करू नका, ज्याच्यावर भांडण होईल असं वाटतं त्याचीच करा. आणि "मी स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाठवून ठेवलं, तेच पुरेसं" असं सांगणाऱ्या काकांचं ऐकू नका.

## ८. तारीख ठरवा आणि उलटं मोजा

गाणं वितरकाकडे तारखेच्या चार आठवडे आधी गेलं पाहिजे. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं असेल तर ते प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी, कलाकाराच्या खात्यातून, आणि एका वेळी एकच. गाणं एकदा आलं की ती खिडकी बंद.

नागपूरच्या पंचांगात हे कसं बसतं ते बघा. भीमगीत १४ एप्रिलसाठी असेल तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात वितरकाकडे हवं, १२ एप्रिलला नाही. दीक्षाभूमीवरच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी काढत असाल तर अशोक विजयादशमी दर वर्षी सरकते, त्या वर्षाची तारीख आधी बघा आणि पितृपक्षाच्या आधीच फाइल पाठवा. गणपतीचं गाणं आषाढात तयार पाहिजे, कारण श्रावणात मंडळवाले यादी करतात. मारबतीचं गाणं मात्र मी या सगळ्यातून वगळतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणूक, त्यानंतर तीन दिवसांत गणपती, आणि मारबतीचं गाणं कोणी विचारत नाही. ते सरळ रील म्हणून टाका, वर्गणी आणि वेळ वाचवा.

व्हिडिओ आता शूट करा. हो, आठव्या पायरीवर. तोवर गाण्याची लांबी पक्की झालेली असते आणि कोणाचं नाव पाटीवर द्यायचं हे कागदावर असतं.

तपासा: प्रकाशनाच्या सकाळी दुसऱ्याच्या फोनवरून गाणं शोधा. योग्य पानावर आहे का, गीतकाराचं नाव दिसतं का, मराठी अक्षरं फुटली तर नाहीत ना.

## ९. पैसे कधी, किती, आणि कुठे गळतात

पहिला हिशेब यायला दोन-तीन महिने लागतात. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. म्हणून दहा कच्ची गाणी टाकून प्रत्येकी तीनशे स्ट्रीम मिळवण्यापेक्षा तीन पक्की टाका. स्ट्रीम विकत देणारे पोरगे टेलिग्रामवर भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. खोटे स्ट्रीम पकडले की स्पॉटिफाय वितरकाला दंड लावतं आणि वितरक तो तुमच्यावर ढकलतो, वर गाणंही काढतो.

यूट्यूबच्या जाहिरातीत पूर्ण वाटा हवा असेल तर १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहणं, किंवा ९० दिवसांत एक कोटी शॉर्ट्स व्ह्यूज. पैसे सुरू झाले की ॲडसेन्समध्ये, म्हणजे यूट्यूबचे पैसे ज्यातून येतात त्या गूगलच्या खात्यात, अमेरिकी कराचा फॉर्म भरा. भरला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर, भारत-अमेरिका कर-करारानुसार १५ टक्के कापले जातात. नाही भरला तर जगभरच्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात. ज्याचे सगळे ऐकणारे हिंगण्यात आणि कामठीत आहेत त्यानेही भरा, दहा मिनिटांचं काम आहे. इथे कोणी रॉयल्टीवर टीडीएस कापला तर तो आयकर खात्याच्या २६एएस विवरणात दिसतो. आयकराचं विवरणपत्र भरलं नाही तर परत मिळणार नाही.

पोट भरेल का? बहुतेकांचं आजही कार्यक्रमांवर भरतं: लग्नं, मंडळं, कॉलेजची संमेलनं, सदरमधली हॉटेलं. ऑनलाइन गाणं ही बुकिंग करणाऱ्याला पाठवायची लिंक आहे. म्हणून यूट्यूबच्या खाली आणि इन्स्टाग्रामवर बुकिंगचा मेल असू द्या. घरच्यांचा नंबर नको, आईला रात्री बारा वाजता डीजेवाल्यांचे फोन येतात. माझ्या आईला आले आहेत.

## १०. फाइल बंद करण्यापूर्वी

एक प्लास्टिकची फाइल घ्या. त्यात हिस्स्यांचे कागद, बीटचे परवाने, आयएसआरसी क्रमांकांची यादी, आयपीआरएसचा सभासद क्रमांक. सोबत पेन ड्राइव्ह. वितरकाचं खातं कोणत्या मेलवर आहे हे घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा, आणि तो मेल कंपनीचा किंवा कॉलेजचा नको, नोकरी सुटली की तो बंद होतो.

आयपीआरएसमध्ये वारसदाराचं नाव भरायला विसरू नका. चालीचा हक्क तुमच्यानंतरही ६० वर्षं घरात येत राहतो. आमच्या घरी ती फाइल गॅसच्या पुस्तकाखाली असते, कारण ते पुस्तक कुठे आहे हे घरात सगळ्यांना माहीत असतं.